चौदा किलो कमी

१० फेब्रुवारी

ताई,

तू परवा फोन केलास, पण बेकरीत पीठ मळायचं यंत्र चालू असलं की मला एक वाक्य धड ऐकू येत नाही, आणि ते बंद असलं की मालक समोर उभा असतो. तेव्हा आपली पत्रंच बरी.

बातमी अशी की मी बारीक व्हायचं ठरवलंय. हसू नकोस. आमच्याकडे पिठाची पोती मोजायचा काटा आहे, त्यावर काल उभा राहिलो. अठ्ठ्याण्णव. म्हणजे पन्नासाची दोन पोती, त्यातलं थोडं पीठ सांडलेलं. भट्टीवरचा माझा जोडीदार ओरडला, "उतर खाली, स्प्रिंग जाईल!" मला चौऱ्याऐंशीवर यायचंय. व्यायम घरच्या घरीच करणार. व्यायमशाळेत भिंतभर आरसे असतात, आणि मला एका वेळी एकच मी पुरे आहे.

चव बघायचं काम जोडीदाराला देऊन टाकलं. तेवीस वर्षं मी रोज सकाळी भट्टीतून निघालेल्या पहिल्या पावाला लोणी लावून खात आलोय. आज त्या पावाकडे पाठ करून उभा राहिलो. मागून कुणीतरी आपल्याला हाक मारतंय आणि आपण मुद्दाम ऐकत नाही, असं वाटलं.

तू चित्रकलेच्या वर्गाला जातेस एवढं मात्र फोनवर ऐकू आलं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास? एवढं कसलं चित्र काढता?

तुझा धाकटा


१९ फेब्रुवारी

ढब्बू,

तुझ्या पत्रात नऊ चुका आहेत. लाल शाईने खुणा करून परत पाठवते आहे. बत्तीस वर्षं शाळा चालवली आणि घरचाच विद्यार्थी 'व्यायाम' हा शब्द 'व्यायम' असा लिहितो. ज्याला त्यातला काना पेलत नाही तो व्यायाम काय पेलणार?

आता मुद्द्याचं. बायको जाऊन सहा वर्षं झालेला बावन्न वर्षांचा माणूस अचानक बारीक व्हायला निघतो, तेव्हा कारण एकच असतं. कोण आहे ती? मी मुख्याध्यापिका होते. मुलं खोटं बोलताना खिडकीबाहेर बघतात. तू पत्रातसुद्धा खिडकीबाहेर बघतोयस.

खाण्याचं सांगते, ते नीट लक्षात ठेव. मीठ अगदी कमी. केळी नकोत. बटाटे कापून पाण्यात भिजवायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं. पिण्याचं पाणी दिवसाला मोजून चार पेले, त्यावर घोटभरसुद्धा नाही.

वर्ग छान चाललाय. चित्रकलेला वेळ हा लागतोच. पाय जरा सुजतात, ते बसून बसून.

ताई


८ मार्च

ताई,

व्यायाम, व्यायाम, व्यायाम. शंभर वेळा लिहिलंय असं समज.

केळ्यांचं एकवेळ ऐकलं, पण पाण्याने वजन वाढतं हे तुला कुणी सांगितलं? इथे जो तो मला भरपूर पाणी पी म्हणतोय. तू हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?

असो. मी सुरुवात दोरीवरच्या उड्यांनी केली. माझ्या खालच्या घरात घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा राहतात. मी चाळीस उड्या मारल्या आणि दार वाजलं. आजोबा हातात एक लंबक घेऊन उभे. "काय करता हो तुम्ही वर?"

"व्यायाम."

"तुमच्या व्यायामामुळे माझ्याकडे सव्वासात वाजलेत. भिंतीवरच्या अकराही घड्याळांत. आणि आता सव्वासातच वाजत राहणार."

आमचा आवाज ऐकून समोरच्या दारातून शिट्टीबाई बाहेर आल्या. या मुलींच्या शाळेत कवायत शिकवतात. गळ्यात शिट्टी कायम, भाजी आणायला जातानासुद्धा, म्हणून सगळी इमारत त्यांना शिट्टीबाई म्हणते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, एक पाय मोडलेला बाक बघावा तसं. "या वजनात उड्या मारायला कुणी सांगितलं? गुडघे बदलून मिळतात असं वाटतं का? उद्या सकाळी सहाला जिन्यात या."

तेव्हापासून मी रोज चार मजले चढतो-उतरतो. मग घरी खुर्चीचा व्यायाम. खुर्चीवर बसायला जायचं पण बसायचं नाही, टेकायच्या आत उठायचं. ताई, खुर्ची इतकी जवळ असून इतकी लांब असते हे मला माहीत नव्हतं. मग दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन त्या वर-खाली. जेवणाचं ताटही शिट्टीबाईंनीच आखून दिलंय. अर्धं ताट भाज्या, पाव भागात डाळ किंवा अंडी, आणि उरलेल्या कोपऱ्यात एक पाव. "लोणी?" मी विचारलं. शिट्टीबाईंनी नुसती शिट्टी वाजवली.

आज पंच्याण्णव.

तुझं एखादं चित्र पाठव ना.

धाकटा


१७ मार्च

ढब्बू,

चुका सहा. सुधारणा आहे.

तुझ्या पत्रात 'शिट्टीबाई' हा शब्द चार वेळा आलाय. मी मोजला. तुझ्या लग्नाआधी तू मला जी पत्रं लिहायचास, त्यांतही बायकोचं नाव पत्रात एवढ्याच वेळा यायचं आणि तू म्हणायचास, "ताई, तसं काही नाही." आता वय काय, स्वभाव कसा, घरात आणखी कोण, एवढं कळव. कवायत शिकवते म्हणजे शिस्तीची असणार. तुला शिस्तीचीच हवी.

चित्र सोबत आहे. वर्गात काढलं.

तुझे भाऊजी हल्ली घरात फार गप्प असतात. मी विचारलं तर म्हणाले, दाढ दुखते.

ताई


२ एप्रिल

ताई,

चित्र मिळालं. फार आवडलं. किटली आहे का हत्ती? बेकरीत लावलंय. जोडीदार म्हणतो हत्ती.

माझं मात्र बिघडलं गं. एका गिऱ्हाइकाने मुलीच्या निकालासाठी दीड किलोचा केक सांगितला होता. त्यावर मी 'अभीनंदन' असं लिहिलं. मुलीच्या बापाने तो तसाच परत केला. तुझा विद्यार्थी शोभेल असा माणूस होता. मालक म्हणाला, "घरी घेऊन जा." मी घेऊन गेलो. आधी फक्त चुकीची 'भी' खाल्ली, म्हटलं चूक तरी पुसू. मग बाकीची अक्षरं खाल्ली. मग केक.

ताई, त्या रिकाम्या पुठ्ठ्यासमोर बसून मी रडलो. दोन दिवसांनी काट्यावर चढलो तर पुन्हा पंच्याण्णवच्या वर. तीन आठवडे पाण्यात. तुला हसू येईल, पण मला एवढा वेळ नाहीये. कुणीतरी माझ्यासाठी थांबलंय आणि मी इथे केक खात बसलोय.

शिट्टीबाईंना हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर स्वतः चारही मजले चढल्या. दोनदा.

पायांची सूज कशी आहे? खरं सांग.

धाकटा


१२ एप्रिल

माननीय कवायतशिक्षिका,

आपली ओळख नाही. आपल्या समोरच्या घरात राहणाऱ्या बेकरीवाल्याची मी थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. सरळ बोलायची सवय आहे, तेव्हा सरळ लिहिते.

माझ्या भावाला आपल्याविषयी काय वाटतं ते तो या जन्मी बोलणार नाही. तो लाजाळू आहे. पण त्याने मला लिहिलंय की कुणीतरी त्याच्यासाठी थांबलं आहे आणि त्याच्याकडे वेळ नाही. आपण वजनाची अट घातली असेल तर ती योग्यच आहे. पण माणूस म्हणून तो आत्ता आहे तसाही खरा आहे. निर्व्यसनी, मायाळू, पाव उत्तम करतो. शुद्धलेखन कच्चं आहे, ते मी लपवत नाही.

माझ्या बाजूने संमती आहे. समारंभ लवकर करावा असं मला वाटतं. माझी तब्येत हल्ली जरा नरम असते, आणि मला त्याला पुन्हा एकदा मार्गी लागलेलं बघायचंय.

आपली,
बेकरीवाल्याची ताई


२० एप्रिल

आदरणीय ताई,

आपलं पत्र वाचून आधी मी पोट धरून हसले. मग शेवटची दोन वाक्यं पुन्हा वाचली आणि हसू थांबलं.

पहिली गोष्ट. माझे यजमान हयात आहेत. ते बोटीवर इंजिन सांभाळतात आणि नऊ-नऊ महिने घरी नसतात, त्यामुळे इमारतीत कुणी त्यांना फारसं पाहिलेलं नाही. आपलं पत्र मी त्यांना फोनवर वाचून दाखवलं. "माणूस जबाबदार वाटतो," एवढंच म्हणाले.

दुसरी गोष्ट कुणाला सांगणार नाही असं मी आपल्या भावाला वचन दिलं होतं. ते आज मोडते, कारण आपण दोघंही एकमेकांना फसवण्यात फार दमताय.

आपण चित्रकलेच्या वर्गाला जात नाही. आपल्या किडन्या निकामी झाल्या आहेत आणि आठवड्यातून तीनदा यंत्रावर आपलं रक्त शुद्ध करावं लागतं. आपल्या यजमानांनी जानेवारीत हे आपल्या भावाला सांगितलं. ते दुसऱ्याच दिवशी रजा काढून मोठ्या हॉस्पिटलात गेले आणि म्हणाले, "माझी एक किडनी ताईला द्या." तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "सगळं जुळतंय, पण तुमचं पोट आडवं येतंय. एवढ्या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. चौदा किलो उतरवा, मग या."

पहिल्या दिवशी ते दुसऱ्या मजल्यावरच धापा टाकत बसले, तेव्हा मी विचारलं, एवढा अट्टहास कशासाठी? तेव्हा हे कळलं. एकवीस वर्षं मी मुलींना पळवते आहे. कुणी बक्षिसासाठी पळतं, कुणी माझ्या धाकाने. असं धावणारं मी कुणी पाहिलं नव्हतं, आणि ताई, ते अजून धावतही नाहीत, नुसता जिना चढतात.

केकनंतर एकही दिवस चुकवलेला नाही. आज ब्याण्णव.

आपली,
शिट्टीबाई (हो, मला माहीत आहे)


२४ एप्रिल

ढब्बू,

मला तुझी किडनी नको. ज्याची त्याने आपल्यापाशी ठेवावी.

मी शिट्टीबाईंची माफी मागितली आहे. त्याआधी दोन दिवस मी घरातल्या आरशाकडेही बघितलं नाही, एवढी लाज वाटली. तुझ्या भाऊजींशी बोलणं बंद आहे. त्यांना साखरेचा डबा सापडत नाहीये आणि मी तो कुठे आहे ते सांगणार नाही.

वर्गाचं खोटं बोलले, हे कबूल. डाव्या हाताला सुया असतात, उजवा मोकळा असतो, म्हणून खोटं अगदीच खोटं राहू नये यासाठी चित्रं काढायला लागले. ती किटली आहे.

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि मी पंधरा. तापात तुझ्या उशाशी मी बसले, तुझा दाखला मी काढला, तुझी मुंज-लग्न काय असेल ते मी बघितलं. जो मुलगा मी हाताने वाढवला, त्याचं पोट माझ्यासाठी कापायचं? टेबलावर तुला काही झालं तर मी ती किडनी घेऊन कशी जगू? तिला काय सांगू?

त्या यंत्रावर माझं छान चाललंय. हा विषय संपला.

ताई


३० एप्रिल

ताई,

विषय संपलेला नाही.

छान चाललंय असं तू लिहितेस. भाऊजी म्हणतात, घरी आलीस की तुला पलंगावरून उठवत नाही. गेल्या महिन्यात तू दोनदा चक्कर येऊन पडलीस, तेही तू लिहिलं नाहीस.

तू मला वाढवलंस म्हणून मी हे करतोय असं समजू नकोस. तसं असतं तर मी छान कार्ड पाठवून मोकळा झालो असतो. मी हे करतोय कारण तू नसलीस तर मला चालणार नाही. बायको गेली तेव्हा मी वर्षभर कसा जगलो ते तुला माहीत आहे, कारण रोज सकाळी फोन करून "उठलास का?" विचारणारी तूच होतीस. पीठ मळायच्या यंत्राचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी तेव्हा रस्त्यावर येऊन बोलायचो. आता तुला कोण विचारणार, उठलीस का?

भीती मलाही वाटते. डॉक्टरांना मी सतरा प्रश्न विचारलेत. ते म्हणाले, एका किडनीवर माणूस म्हातारा होतो, फक्त त्याने स्वतःला नीट सांभाळायचं. तेच तर शिकतोय.

तू नाही म्हणालीस तरी मी जिना चढणं सोडणार नाही. हे पत्र चार वेळा लिहून काढलंय. एकही चूक सापडली तर तू जिंकलीस.

धाकटा


२२ मे

ढब्बू,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. रागावले होते, मग कंटाळा आला रागावण्याचा.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक शिंपीणबाई असतात. सहा वर्षं यंत्रावर आहेत. तुझं पत्र मी तिथे वाचत होते, तर म्हणाल्या, "मोठ्याने वाचा, वेळ जाईल." मी वाचलं. मग त्या म्हणाल्या, "मला असा भाऊ असता ना बाई, तर मी रोज छडी घेऊन त्याच्या मागे पळाले असते, जिन्यात. आणि तुम्ही त्याला घरी बसायला सांगताय? एवढ्या शिकलेल्या ना तुम्ही?"

बत्तीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. मी घरी आले आणि भाऊजींना साखरेचा डबा काढून दिला. ते चहा करता करता रडायला लागले. दाढ दुखत नव्हती म्हणे.

ठीक आहे. घेते. पण माझ्या अटी आहेत. डॉक्टरांना एका बाबतीत जरी शंका वाटली तरी थांबायचं. उपाशी राहून वजन उतरवायचं नाही, शिट्टीबाईंनी आखलेलं ताट पूर्ण खायचं. आणि जे काय होईल ते एकमेकांना खरं लिहायचं. मीही लिहीन. आज उलटी झाली. पाय कालच्यापेक्षा बरे.

तुझ्या पत्रात एक चूक होती. मी ती पाहिली आणि लाल पेनाला टोपण लावून ठेवून दिलं.

ताई


९ जुलै

ताई,

त्र्याऐंशी पूर्णांक आठ!

पिठाच्या काट्यावर विश्वास नव्हता म्हणून हॉस्पिटलातल्या काट्यावर तीनदा चढलो. तिसऱ्यांदा नर्स म्हणाली, "काका, तो वर-खाली करायचा व्यायाम नाहीये." डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या परत केल्या, कागद पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कागदावरचं माझं नाव वाचलं. माणूस तोच आहे ना, याची त्यांना खात्री करायची होती. अठरा ऑगस्ट ठरली.

इमारतीत ही बातमी पसरली. घड्याळवाले आजोबा वर आले. मला वाटलं पुन्हा काही बंद पडलं. ते म्हणाले, "आता उड्या मारायच्या असतील तर मारा. आज चालतील."

मी मारल्या नाहीत. शिट्टीबाई बघत होत्या.

खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. काल एक आख्खा पाव लोण्यासकट खाल्ला. हातात घेऊन, खुर्चीवर नीट बसून, हळूहळू. मग दोन मजले जास्त चढलो.

धाकटा


२१ ऑगस्ट, दुसरा मजला

ताई,

मला टाके आहेत, तेव्हा उत्तरात काही विनोदी लिहू नकोस. हसलं की दुखतं. नर्स मला दिवसातून चार वेळा चालवते. मी तिला सांगितलं, तुमच्यापेक्षा कडक बाई मी पाहिल्यात.

डॉक्टर सांगत होते, तुझ्या पोटात गेल्या गेल्या ती टेबलावरच कामाला लागली. माझ्याकडे बावन्न वर्षं होती, एवढी लगबग कधी दाखवली नाही. शिक्षकाची जरब म्हणतात ती हीच.

तुला भेटू देत नाहीत, बाहेरचा संसर्ग होईल म्हणतात. मी बाहेरचा? माझा एक भाग तर तुझ्या आतच आहे, असं म्हणून पाहिलं. उपयोग झाला नाही.

उठलीस का?

धाकटा


२३ ऑगस्ट, चौथा मजला

ढब्बू,

उठले. बसले. खोलीत सहा पावलं चालले.

आता एक गोष्ट लिहिते ती मी उभ्या जन्मात कुणाला लिहीन असं वाटलं नव्हतं. काल दिवसभरात मला साडेतीन लिटर लघवी झाली. नर्सने मापाचं भांडं उंच धरून दाखवलं आणि तुझे भाऊजी टाळ्या वाजवायला लागले. मी शाळेचा निकाल शंभर टक्के लावला होता तेव्हासुद्धा त्यांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या नव्हत्या. पायांची हाडं दिसताहेत. घोट्याचं हाड मी वर्षाने बघते आहे. मघाशी त्याला हात लावून बसले होते.

तीन दिवस तुला एक पत्र लिहायचा प्रयत्न करते आहे. दोनदा लिहून फाडलं. सगळे शब्द शुद्ध होते, ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, आणि वाचल्यावर कळत होतं की यातलं काहीच मला म्हणायचं नव्हतं. एवढी वर्षं मुलांना निबंध शिकवले, आणि स्वतःला एक ओळ जमत नाही.

आत्ताच डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आजपासून हरकत नाही. तोंडाला मास्क, हात धुऊन, दहा मिनिटं. मी म्हटलं, पंधरा. ते हो म्हणाले.

तुझे भाऊजी हे पत्र घेऊन खाली येताहेत. त्यांचा हात धर आणि लिफ्टने ये, जिन्याने शूरपणा नको. उत्तर लिहीत बसू नकोस.

वर ये.

ताई